शेरा

लोखंडी सळईचा चौकोन, मीटर बाय मीटर,
मिरजेच्या वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेला.
जतच्या पुढं, माडग्याळच्या अलीकडं
तो माळावर टाकायचा, गुडघे टेकायचे
आणि आत काय काय उगवलंय ते मोजायचं.
रोज साडेतीनशे. डबा आपला.

दहा चौकोन तारेच्या कुंपणाआत,
दहा बाहेर, जिथनं धानाबाई हाक्यांचा कळप जातो.

पहिल्या वर्षी कुंपण जिंकलं.
आत पवन्या कमरेला लागायचा,
बाहेर बोटभर मारवेल, लेंड्या, खुरांचे ठसे.
मी वहीत लिहिलं : चराईचे दुष्परिणाम.
अक्षरही चांगलं काढलं.

धानाबाई तारेला हात लावून उभी राहायची.
तिच्या मेंढ्यांची नाकं पोपटासारखी,
तिचंही थोडं तसंच.
"ह्ये गवात हाय का मढं झाकलंय?" म्हणाली एकदा.
मला राग आला होता.

तिसऱ्या भाद्रपदात आतलं गवत
उभ्या उभ्या करडं झालेलं.
गेल्या सालचं, त्याच्या आदल्या सालचं,
एकावर एक, गोधडीसारखं. खाली हात घातला
तर कोंब पांढरे, उन्हाची ओळख नसलेले.
नऊ जाती होत्या, उरल्या तीन,
त्यातलं बहुतेक कुसळ, आणि तेही माझ्या सलवारीत.

बाहेर मोजता मोजता दुपार झाली.
एका खुराच्या ठशात चंडोलानं घर मांडलेलं,
वाटीएवढं, दोन ठिपक्यांची अंडी.
लेंडी ढकलत एक किडा माझ्या चौकोनात आला
आणि मी पेनाचं टोपण काढेस्तोवर
पलीकडून निघूनही गेला.

मॅडम म्हणाल्या, फार वर, बर्फाच्या माळावर,
जिथं झाडाला उभं राहणं जमत नाही,
तिथं माणसं रेनडिअर घेऊन अशीच हिंडतात.
कळप यायचे थांबले की झुडपं माजतात,
झुडपांत बर्फ साचतो, पांघरुणासारखा,
आणि खालची गोठलेली जमीन ऊब धरू लागते.
तिथंही कुणीतरी असाच चौकोन टाकून बसलेलं असतं.

मी हे धानाबाईला सांगितलं.
तिनं तंबाखू मळून होईपर्यंत वेळ घेतला.
"त्यास्नी लांडगा हाय का?"
आहे म्हटलं.
"मग बरं हाय."

मला वाटलं, आता शेरा सोपा.
पण तिनंच मला तलावाच्या काठाला नेलं.
पांढरी उघडी माती, वर नुसता टाकळा,
जो मेंढरूही तोंडात धरत नाही.
"ह्ये आमी खाल्लं. लिव्ह."

आधी हितं चार दिस बसायचो, म्हणाली, आता चाळीस.
वरची वाट पवनचक्क्यांनी घेतली,
खालची द्राक्षांनी,
मधली तुमच्या तारंनं.
"चालतं मेंढरू माळ राखतं, पोरी.
आडवलेलं मेंढरू खरवडतं."

फॉर्मवर रकाने चार :
जात, उंची, टक्के, शेरा.
शेऱ्याला अर्धा इंच जागा.

त्या संध्याकाळी ती कळप मोजत होती,
आकड्यांनी नाही, नावांनी.
एका नावाशी अडली.
कोकरू कुंपणाच्या आत होतं,
सात नंबरच्या चौकोनात, मान खाली घालून,
तीन वर्षांच्या गोधडीला भोक पाडत.

नियम असा, की ताबडतोब हाकलायचं आणि नोंद करायची.
मी पाठ फिरवून
सळईचा एक सांधा तपासत बसले.
चांगला होता सांधा. तरी बराच वेळ तपासला.

आठ दिवसांनी सात नंबरमध्ये
वीतभर जागेत हिरवं.
जात : मारवेल.
उंची : दोन सेंटीमीटर.
टक्के : चार.
शेरा :